सीताफळीचा पाला

“कुनालाच पटायचं न्हाई, पर खोटं असंल तर ही जीभ झडून पडंल!” अशी सुरुवात करून सटवाबानं आजवर जेवढ्या गोष्टी सांगितल्या, तेवढ्या वेळा जीभ खरंच झडली असती, तर गारमाळ गावातल्या हनुमानच्या हॉटेलापुढं जिभांचा ढीग लागला असता. म्हाताऱ्याची जीभ मात्र शाबूत होती. पुढचे दात गेल्यापासून तर तिला आडकाठीही उरली नव्हती.

त्याची सगळ्यांत गाजलेली गोष्ट परळीच्या माशीची. एका साली त्याच्या मेंढरांतला एडका चोरीला गेला. तिसऱ्या दिवशी गावाजवळच्या ओढ्यात नुसतं मुंडकं सापडलं. गाव म्हणालं, इथल्याच कुणीतरी कापला. सटवाबानं मुंडक्यावरची एक माशी धरली आणि धोतरावर घासली, तर काळी रेघ! “थर्मलची राख, बाबांनो, वीजघराच्या धुराड्यातली. माशी परळीची हाय. एडका तिथंच कापला, अन् मुंडकं इथं आनून टाकलं आपल्याला चकवायला.” मग ती माशी काड्याच्या पेटीत घालून तो यस्टीनं परळीला गेला, मोंढ्यात, भर बाजारात पेटी उघडली, आणि माशी निघाली ती थेट आपल्या घरी, खाटकाच्या दुकानात. म्हातारा मागं-मागं.

“मग एडका घावला का?” हनुमान दर वेळी विचारायचा.

“एडका कशाचा घावतोय? पर माशी वळखीची झाली. आजबी परळीला गेलो की खांद्यावर येऊन बसती.”

अशी ही तऱ्हा. पण थापांचा पाचोळा बाजूला सारला तर खाली एक गोष्ट खरी होती: माशा आणि अळ्या म्हाताऱ्याला कळत. पन्नास वर्षं मेंढरांमागं बालाघाटाचे डोंगर तुडवलेले. मेलेलं मेंढरू दिसलं की उकिडवा बसून अळ्या बघायचा आणि सांगायचा, “परवा दुपारी गेलंय, ऊन कलायच्या आत.” ते बरोबर निघायचं. पण थापाड्याचं खरंही लोक थापेतच मोजतात, त्यामुळं त्याच्या या इल्माला गावात किंमत नव्हती.

तर असा हा माणूस आश्विनातल्या एका मंगळवारी हनुमानच्या हॉटेलात येऊन बसला आणि गप्पच राहिला. चहावर साय धरली.

“सटवाबा, झडली वाटतं जीभ?” हनुमान म्हणाला.

सगळे हसले. म्हाताऱ्यानं कप तसाच ठेवला, काठी घेतली आणि उठून गेला. बुधवारी आला नाही. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. बायको ताराबाई भाकरी पुढं ठेवायची आणि तशीच उचलायची. तिला वाटलं, पित्त झालं असेल.

शनिवारी दुपारी डोंगरात सीताफळं तोडायला गेलेल्या बायांना घळीतून वास आला. वाकून बघितलं तर खाली बबनराव.

बबनराव म्हणजे गावातली बडी आसामी. चाळीस एकर रान, पुढाऱ्यांत ऊठबस, आणि डोंगरावर चराईबंदी आणली तीही त्यांनीच. बंदी म्हणजे काय, तर झाडं वाढेपर्यंत डोंगरात मेंढरू शिरायचं नाही, शिरलं तर कोंडवाड्यात. त्या आठवड्याच्या सोमवारी सकाळी ते “बीडला जातो, तिथून पुन्याला लेकाकडं,” असं सांगून घरातून निघाले. मोठ्या रस्त्याला लागायला डोंगरावरची पायवाट जवळची, तीच त्यांनी धरली. राजकारणातला माणूस, चार-चार दिवस फोन लागला नाही तरी घरच्यांना त्याचं काही वाटत नसे.

डोक्याला मागून मोठी जखम होती. ती पडून झाली की कुणी काठी घातली, हे सांगण्याजोगं प्रेत राहिलं नव्हतं. कधी मेले, हेही डॉक्टरांना सांगता येईना. तेव्हा संभाजीनगरच्या प्रयोगशाळेतून संस्कृती मॅडम आल्या. तिशीची पोरगी, मूळ परळीची, आणि कामधंदा काय, तर किडे! तिनं प्रेताजवळच्या मातीत थर्मामीटर खुपसला, चिमट्यानं अळ्या वेचल्या, अर्ध्या गरम पाण्यातून काढून स्पिरिटमध्ये घातल्या आणि अर्ध्या जिवंतच काचेच्या बरणीत, बकऱ्याच्या काळजाच्या तुकड्यावर सोडल्या.

“काय दिवस आले बे,” हनुमानच्या हॉटेलात कुणीतरी म्हणालं, “बबनरावाच्या मरनाची तारीख आता आळ्यांना इचारायलेत.”

पण अळ्यांनी ती सांगितली. मॅडमचा हिशेब साधा होता. मढं उघड्यावर पडलं की माशी तास-दोन तासांत येते, अंडी घालते. अंड्यातून अळी निघते, दोनदा कात टाकते, फुगते. ऊन किती होतं ते कळलं की अळीच्या लांबीवरून तिचं वय काढता येतं. बबनरावांच्या अंगावरच्या अळ्यांची अंडी गुरुवारी सकाळची होती. माशी अंधारात अंडी घालत नाही. म्हणजे माणूस गेला बुधवारी, दिवस मावळायच्या सुमाराला किंवा त्यानंतर रात्रीत. सोमवारी निघालेले बबनराव परतीच्या वाटेवर गाठले गेले, असं पोलिसांनी धरलं.

आणि बुधवारी दिवस मावळताना त्याच पायवाटेनं सटवाबाचा लेक सोमेश्वर काठी टेकत खाली उतरला होता.

सोमेश्वर रविवारपासून सासुरवाडीला, तलवाड्याला होता. सासऱ्याचं वर्षश्राद्ध होतं. बुधवारी एसटीनं आला, रस्त्याला उतरला आणि डोंगरावरून गावात आला. चार माणसांनी त्याला बघितलं. त्याच्या आदल्या महिन्यात बबनरावांनी त्याची अकरा मेंढरं कोंडली होती, तेव्हा भर चावडीवर तो ओरडला होता, “आमची मेंढरं कोंडताव, एक दिस तुमीच त्या डोंगरात कोंडून मरसाल!” हे ऐकणारे तर शंभर होते. पुढच्या सोमवारी दुपारी फौजदार अमरसिंह जीप घेऊन आले आणि सोमेश्वरला घेऊन गेले. मंगळवारी दुपारी त्याला बीडच्या कोर्टात उभा करायचा होता.

सोमवारी संध्याकाळी ताराबाईनं चुलीत पाणी ओतलं. म्हणाली, “जल्मभर लोकांना हसवायला थापा मारल्या. आता लेकासाठी एक मारा की. का तिथंच जीभ अडकली?”

मंगळवारी सकाळी दोघं पहिल्या गाडीनं ठाण्यावर जाऊन बसले.

“काय काम आहे, बाबा?” अमरसिंह कागदातून मान वर न काढता म्हणाले.

“साहेब, बबनरावाला मारनारे मी बघितले.”

फौजदारांनी मान वर काढली. कोपऱ्यातला हवालदार गारमाळच्या शेजारगावचा होता. तो गालात हसला.

“चौघं होते,” सटवाबा म्हणाला. “बुधवारी. पांढऱ्या गाडीत आलते.”

“कुठं आले?”

“घळीच्या वर.”

“डोंगरावर गाडी चढते का बाबा? पायवाट आहे ना तिथं?”

“तसं न्हवं, गाडी खाली लावली अन् चालत आले.”

“मग पांढरी गाडी तुम्हाला वरून दिसली?”

“दिसली की. नजर चांगली हाय माझी.”

“बुधवारी तुम्ही डोंगरावर होता? मेंढरं घेऊन? चराईबंदीत?”

“न्हाई, म्हंजे… मी गावातूनच बघितलं.”

हवालदाराला राहवलं नाही. “साहेब, हेच ते परळीच्या माशीवाले बाबा.” ठाण्यात हशा पिकला. अमरसिंहही हसले, मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. हळू आवाजात म्हणाले, “आजोबा, तुम्ही असं काही बोललात तर पोराच्याच अंगाशी येईल. बापानं साक्षीदार उभा केला म्हणतील. बाहेर बसा.”

बाहेर व्हरांड्यात बाकावर ताराबाई होती. आयुष्यात पहिल्यांदा थाप खरी म्हणून खपवायची होती, ती खपली नाही, आणि तीही जिथं लेकाचा जीव तारण होता तिथंच.

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला टेबलाशी संस्कृती मॅडम जबाब लिहून द्यायला बसल्या होत्या. शेजारी तोंडाला फडकं बांधलेली बरणी. सटवाबा उठला, तिच्याजवळ गेला आणि सवयीनं उकिडवा बसून बरणीत बघू लागला.

“निळी माशी हाय,” तो स्वतःशीच म्हणाला. “आता दोन दिसांनी ह्या काळजाला तोंड लावायच्या न्हाईत. कोरडी माती हुडकतील, कोश करायला.”

मॅडमचं पेन थांबलं. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“मेंढरांनी.”

ती हसली. चांगली पोरगी होती. म्हणाली, “माझे सर पण एवढं बघून सांगत नाहीत. भिंग लागतं त्यांना.”

“बाई, एक इचारू का? तुमचं गनित चुकत असंल का? बुधवारच्या जागी सोमवार असंल, असं होतंय का?”

“तुम्ही सोमेश्वरचे वडील ना?” तिचा आवाज मऊ झाला. “बाबा, मला तुमच्या मुलाशी काही वैर नाही. पण ऊन मोजलंय, अळ्या मोजल्यात. एखाद-दुसरा तास इकडंतिकडं होईल, दोन दिवस होत नाहीत.” मग पेन खाली ठेवून ती जरा घुटमळली. “एक गोष्ट तेवढी मला सुटत नाही.”

तिनं पेटीतून बोटाएवढी नळी काढून त्याच्यापुढं धरली. आत तांदळाच्या कणीपेक्षा बारीक अशा दहा-बारा अळ्या होत्या. मेलेल्या.

“या डोक्याच्या जखमेत खोल सापडल्या. जेमतेम एका दिवसाच्या असतील. शेजारच्या अळ्या खाऊन-पिऊन मोठ्या झाल्या, आणि या इवल्याशा असतानाच मेल्या. का मेल्या? आणि फक्त जखमेतच. मढ्यावर माशी आधी डोळ्यांत जाते, नाकात, तोंडात जाते. तिथं अशी एकही नाही. जखमेत झाडपाल्याचा चुरा होता थोडा, पण तो झुडपातून पडला असेल. मी अहवालात लिहिलंय, कारण समजलं नाही.”

सटवाबानं नळी हातात घेतली. नळीत हिरवट कण चिकटला होता. त्यानं तो डोळ्याजवळ नेऊन बघितला आणि नळी घाईनं मॅडमच्या हातात परत दिली.

तेवढ्यात आतून साखळीचा आवाज आला. दोन शिपाई सोमेश्वरला बाहेर घेऊन आले. एका रात्रीत पोराचे गाल बसले होते. आईकडं बघून त्यानं मान खाली घातली आणि बापाला विचारलं, “आबा, मेंढरं कुनाकडं सोडली?”

“शेजारच्या अजिनाथकडं.”

“काळ्या मेंढीचा पाय बघाय सांग त्याला. लंगडायली.” मग एकदम घाईनं म्हणाला, “आबा, मी त्या वाटंनं आलो खरं, पर मला काई दिसलं न्हाई. आवाज न्हाई, काई न्हाई. देवाशपथ सांगतो.”

जीपचं इंजिन सुरू झालं. ताराबाईनं पदर तोंडात कोंबला. आणि सटवाबा भिंतीला धरून उभा राहिला.

“साहेब,” तो म्हणाला, “पाला मी लावला.”

“आता काय?” अमरसिंह पायरीवरून म्हणाले.

“बबनरावाच्या जखमंत पाला मी लावला. सीताफळीचा. गेल्या मंगळवारी.”

हवालदारानं कपाळाला हात लावला. पण मॅडम खुर्चीवरून उठली होती. “थांबा साहेब. बोला बाबा. पाला कशासाठी लावतात?”

“मेंढराच्या जखमंत किडे पडले की सीताफळीचा कवळा पाला दगडावर ठेचायचा, रस पिळायचा अन् चोथा आत कोंबायचा. घटकाभरात किडे मरत्यात. धा-पाच वळवळत भाईर येत्यात, बाकीचे आतच ऱ्हात्यात. रसाच्या वासानं दोन दिस माशी फिरकत न्हाई. आमच्या बापजाद्यांपासून हाय हे.”

मॅडमनं नळी उजेडात धरली. “म्हणजे या…”

“त्या मी मारल्या, बाई.”

अमरसिंहांनी जीप बंद करायला सांगितली. “सगळं सांगा. पहिल्यापासून. आणि आजोबा, या वेळी पांढरी गाडी नको.”

मग म्हातारा बोलायला लागला. सुरुवातीला शब्द अडखळत होते, पण पन्नास वर्षांची सवय. दोन वाक्यांत गळा मोकळा झाला. मंगळवारी सकाळी त्यानं मेंढरं चोरून डोंगरात घातली होती, कारण माळावर खायला काडी नव्हती आणि बंदीतलं गवत गुडघ्याएवढं होतं. घळीच्या तोंडाला मेंढरं बुजली. वाकून बघतो तर खाली बबनराव, पालथे. वरच्या दगडावरून पाय घसरल्याची खूण होती, शेवाळ खरवडलं होतं. “उतरलो खाली. हात लावला, तर थंडगार, दगडावानी. सोमवारीच गेलेले. डोक्यात किडे चालू झालते. साहेब, मानूस कसाबी असो, किड्यांनी खाल्लेलं मला बघवंना. मेंढराला लावतो तसा पाला लावला, अन् वर आलो.”

“आणि कुणाला सांगितलं नाही?”

“कसं सांगू? बंदीत मेंढरं माझी. पोराचं अन् त्याचं वैर. मनलं, आज-उद्या कुनीतरी बघंल.”

मॅडम केव्हाच कागदावर आकडे मांडायला लागली होती. “जुळतंय साहेब! सोमवारी पडले. पहिल्या माशा सोमवारच्या. मंगळवारी बाबांनी त्यांची पिलावळ मारली. बुधवारी वासामुळं माशा आल्या नाहीत, गुरुवारी पुन्हा आल्या. मी दुसरी पिढी मोजत होते. सोमवारी सोमेश्वर कुठं होता?”

“तलवाड्याला,” ताराबाई ओरडली. “श्राद्धाच्या पंगतीत वाढत होता! दीडशे मानूस जेवलंय त्याच्या हातचं!”

अमरसिंहांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि हवालदाराला जबाबाचा कागद घ्यायला सांगितलं. हवालदार आता हसत नव्हता. सोमेश्वरला शिपायांनी पायरीवर बसवलं. साखळी तशीच होती, पण धरलेला हात सैल झाला होता.

“पण बाबा,” मॅडम लिहिता लिहिता थांबली, “सोमवारी गेले असतील तर डोळ्यांत, तोंडात पण अळ्या असायला हव्या होत्या ना मंगळवारी?”

सटवाबानं बरणीतल्या अळ्यांकडं एकदा बघितलं. “होत्या की. त्या मी पटक्यानं पुसून काढल्या. मंग डोळे झाकले, तोंडावर पटका टाकला. नंतर वाऱ्यानं उडाला असंल.”

“बरोबर,” मॅडम म्हणाली आणि तेही लिहिलं.

म्हाताऱ्याच्या अंगात कुठून तरी ऊब आली. आठ दिवसांत पहिल्यांदा लोक त्याच्या तोंडाकडं बघत होते आणि कुणी हसत नव्हतं. तो सांगत गेला. बबनरावाचे डोळे कसे काचेसारखे झाले होते, बोटं कशी आखडली होती, जवळ बसून त्यानं कसं खंडोबाचं नाव घेतलं. हवालदार शब्द न् शब्द उतरवत होता. ताराबाई लेकाच्या पाठीवरून हात फिरवत होती. शेवटी हवालदारानं कागद पुढं सरकवला आणि शाईचं पॅड उघडलं. सटवाबानं अंगठा शाईवर दाबला आणि कागदावर नेला.

तेव्हा त्याची नजर सोमेश्वरवर गेली. लेक त्याच्याकडंच बघत होता. सुटका झाल्याचं तोंड नव्हतं ते. संध्याकाळी वाड्यात मेंढरं मोजताना एखादं कमी भरलं की त्याच्या कपाळावर अशी आठी पडायची, आणि मग तो पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. ओठ हलत होते. कुठं चुकतंय ते त्याला स्वतःलाही अजून उमगलं नसावं.

“आबा,” तो म्हणाला.

“गप बस,” सटवाबा म्हणाला. “झालं आता. घरला जायचं.”

“पर आबा, आपन मेलेल्या मेंढराला पाला लावतच न्हाई.” सोमेश्वर पायरीवरून उठला. साखळी खळखळली. “मेलं की सोडून देतो. पाला जित्यालाच लावतेत. तू खोटं बोलायलास, आबा. मंगळवारी त्यो मानूस जिता होता.”